शाहूपुरीचा गूळ, घाटाचा रस्ता आणि अडलेली गाडी

कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापाराविषयी लिहिताना गुऱ्हाळघरे, अडत्यांची दुकाने आणि सौदे यांचा विचार नेहमी होतो. परंतु हा गूळ ज्या गाड्यांतून बाहेरगावी गेला त्या गाड्या हाकणाऱ्यांकडे, आणि त्या वाटेत अडल्या तेव्हा ज्यांनी त्या ओढून काढल्या त्यांच्याकडे, इतिहासलेखनाचे लक्ष फारसे गेलेले नाही. या व्यापाराची मुख्य पेठ म्हणजे शाहूपुरी. या पेठेतून पश्चिमेला निघालेल्या गाडीपुढे सह्याद्रीचे घाट होते, आणि पेठेकडे येणाऱ्या गाडीला पंचगंगेच्या खोऱ्यातील काळ्या रानाचा चिखल तुडवावा लागत होता. रुतलेली गाडी काढण्यासाठी स्वतःची गाडी थांबवणे, मोडलेल्या गाडीचा निरोप पुढच्या गावी पोहोचवणे, अनोळखी चालकाला आपला रस्सा आणि जॅक देणे ही या भागातील गाडीवानांची रीत चांगुलपणातून आली हे खरेच आहे, पण ती पिढ्यानपिढ्या टिकली ती इथल्या भूगोलामुळे आणि धंद्याच्या घडणीमुळे.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. कोल्हापूर ते मिरज हा संस्थानचा रेल्वेमार्ग त्याआधी चार वर्षे, म्हणजे १८९१ मध्ये, सुरू झाला होता आणि नवी पेठ स्टेशनच्या अगदी लगत आखली गेली, ही गोष्ट सहज घडलेली नव्हे. जुन्या शहरातील अरुंद बोळांत मालाच्या गाड्या वळत नसत. नव्या पेठेत सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या होत्या, आणि पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशी क्रमाने दिलेली त्यांची नावे आजही पत्त्यांत वापरली जातात. गावोगावच्या गुऱ्हाळांतून बैलगाडीने आलेले गुळाचे रवे, म्हणजे साच्यात घालून थंड केलेल्या ढेपा, इथे उतरत, त्यांचा सौदा होई आणि माल रेल्वेने पुढे जाई. रेल्वेमुळे गाडीवानाचा धंदा बुडाला असे मात्र झाले नाही. हा मार्ग मीटरगेज होता आणि १९७१ मध्ये ब्रॉडगेज होईपर्यंत मुंबईकडे जाणारा माल पुण्याला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावा लागे; गुळासारख्या पाघळणाऱ्या मालाला ही चढउतार सोसत नसे. शिवाय कोकणाकडे कोल्हापूरहून रेल्वे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. रत्नागिरी, राजापूर, वेंगुर्ले या बंदरांशी होणारा सारा व्यवहार घाटवाटांनीच चाले.

मालवाहतुकीची जबाबदारी घेणाऱ्या मध्यस्थाला मराठी मुलुखात हुंडेकरी म्हणत. ठरलेल्या एकरकमी भाड्यात वाटेतील जकाती आणि मालाची जोखीम अंगावर घेऊन माल मुक्कामी पोहोचवणे हे त्याचे काम, आणि अशा कराराला हुंडेभाडे असे नाव होते. हुंडेकऱ्याचा गाडीवानांशी असलेला व्यवहार या इतिहासात महत्त्वाचा ठरतो, कारण जोखीम हुंडेकऱ्याच्या नावावर असली तरी घाटात कणा मोडल्यावर तिथे हजर असे तो गाडीवानच. घाटावरून खाली गूळ, मिरची, तंबाखू आणि धान्य जाई, खालून वर मीठ, नारळ, खोबरे आणि सुकी मासळी येई. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या कोल्हापूरविषयक खंडात या घाटवाटांची नोंद आहे. गाडीरस्ते होण्यापूर्वी लमाणांचे तांडे पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन याच वाटांनी ये-जा करीत. आंबा घाट, फोंडा घाट आणि गगनबावड्याखालचा करूळ घाट ही आज ट्रकचालकांच्या तोंडी असलेली नावे अशा जुन्या व्यापाराच्या वाटांची आहेत.

बैलगाड्या घाटात एकट्यादुकट्या जात नसत. जनावरांची आणि चोरांची भीती हे एक कारण होते. दुसरे, आणि बहुधा मोठे, कारण चढ हेच होते. लादलेली गाडी एका जोडीला ओढवेना झाली की मागच्या गाडीची जोडी सोडून ती पुढे जुंपत, चार बैलांनी पहिली गाडी वर नेत, आणि मग तेच चार बैल परत येऊन दुसरी गाडी वर चढवत. उतारावर याच्या उलट काळजी घ्यावी लागे: गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागे लाकडाचा ओंडका बांधून तो फरफटत न्यायचा, आणि प्रत्येक वळणावर एकाने दगड घेऊन चाकापाशी उभे राहायचे. चाकाची धाव, म्हणजे लाकडावर बसवलेला लोखंडी पट्टा, सैल होणे आणि कणा मोडणे हे नेहमीचे अपघात. त्या वेळी माल इतर गाड्यांवर थोडा थोडा वाटून घेतला जाई आणि मोडकी गाडी जवळच्या सुतारमेटापर्यंत कशीबशी ओढत नेली जाई.

या वागण्यामागे शेतीतील एक जुनी रीत होती. दक्षिण महाराष्ट्रात पैरा म्हणून ओळखली जाणारी ही रीत अशी की ज्याच्याकडे एकच बैलजोडी आहे त्याने शेजाऱ्याशी जोडी मिळवून आळीपाळीने दोघांची शेते करायची. चार-चार जोड्या लागणारा जड नांगर तर पैऱ्याशिवाय चालतच नसे. पैऱ्यात हिशेब चोख असतो. ज्याने दोन दिवस दिले त्याला दोन दिवस परत मिळतात, आणि पैरा फेडला नाही तर पुढच्या हंगामात कोणी उभे राहत नाही. रस्त्यावरच्या मदतीत हा हिशेब बदलला, आणि हा बदल या सगळ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण भाग आहे. घाटात ज्याची गाडी ओढली तो माणूस पुन्हा भेटेलच असे नसे, त्यामुळे उपकाराची फेड त्याच माणसाकडून होण्याची वाट न पाहता ती रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीवानाने कोणत्याही गाडीवानाला करावी, असे मानले जाऊ लागले. ओळखीच्या गावकीत चालणारा व्यवहार अनोळखी माणसांच्या एका लांबलचक वाटेवर पसरला, आणि तो मोडणाऱ्याला जाब विचारणारी कोणतीही पंचायत नसताना तो टिकला.

मोटारींचा कायदा हिंदुस्थानात १९१४ साली झाला आणि १९३९ साली त्याची जागा अधिक तपशीलवार कायद्याने घेतली. परंतु मालमोटारींची खरी वाढ दुसऱ्या महायुद्धानंतरची. लष्कराला नको असलेले ट्रक युद्धानंतर विक्रीला निघाले, आणि देशभर अनेक लहान मालकांची पहिली गाडी हीच होती. १९४८ पासून मुंबई राज्यात प्रवासी वाहतूक सरकारने हाती घेतली, तेव्हा खासगी मोटारमालकांना मालवाहतुकीचाच धंदा मोकळा राहिला. १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर हीच स्थिती इथेही आली. १९५४ मध्ये टेल्को आणि डेमलर-बेंझ यांच्या सहकार्यातून टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आला आणि बेडफर्ड, फार्गो, डॉज या परदेशी नावांच्या जोडीला तो दिसू लागला. शाहूपुरी आणि शेजारची लक्ष्मीपुरी या पेठांत ट्रान्सपोर्टची ऑफिसे आली, हुंडेकऱ्याच्या चोपडीची जागा बिल्टीने, म्हणजे मालाचा तपशील, भाडे आणि मुक्काम लिहिलेल्या पावतीने, घेतली. पण गाड्यांची मालकी मोठ्या कंपन्यांकडे न जाता एक किंवा दोन गाड्या बाळगणाऱ्या माणसांकडेच राहिली, आणि त्यांपैकी कित्येक जण स्वतःच चालक होते. अशा मालकापाशी बिघडलेली गाडी आणायला दुसरी गाडी नसे, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नसे. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे बुडे, आणि पावसात ताडपत्रीखाली ओल शिरली तर गूळ पाघळून व्यापाऱ्याशी वाद उभा राही. वाटेतल्या दुसऱ्या गाडीवाल्याशिवाय त्याला दुसरा आधार नव्हता.

घाटातील ट्रकचे अपघात मुख्यतः दोन प्रकारचे असत. चढणीला जादा लादलेल्या गाडीचा पाटा तुटे, म्हणजे चाकाच्या वरचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांपैकी एखादी मोडे, किंवा एक्सलचा दांडा पिळवटून तुटे आणि गाडी मागे सरकू लागे. अशा वेळी क्लीनरची, म्हणजे चालकाच्या हाताखालच्या पोराची, पहिली उडी चाकामागे दगड लावण्यासाठी असे, आणि ही उडी योग्य क्षणी पडली की नाही यावर गाडी आणि माणसे वाचणे अवलंबून राही. उतारावरचा धोका वेगळा होता. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा हा जुन्या चालकांचा पहिला पाठ, कारण इंजिनाने गाडी आवरली नाही आणि सारा भार ब्रेकवर आला तर ब्रेक तापून लागेनासे होतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडण्याच्या सवयीने अनेक गाड्या दरीत गेल्या आहेत. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा घाटाचा जुना संकेत १९८९ च्या रस्ता-वापराच्या नियमांतही होता, आणि त्याचे कारण उघड आहे: चढावर थांबलेली लादलेली गाडी पुन्हा हलवणे फार कठीण असते.

कडेच्या चरात किंवा भरावाच्या मऊ मातीत उतरलेली गाडी काढण्याची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे, कारण तीत जोरापेक्षा जाणतेपणा अधिक लागतो. गाडी ज्या चाकोरीने आत गेली त्याच चाकोरीने ती मागे काढावी, पुढे ओढू नये, हे पहिले तत्त्व. रुतलेल्या चाकापुढची आणि मागची माती खोऱ्याने काढून तिथे दगड, फांद्या आणि रिकामी पोती दाबून बसवायची, चाक आणखी खोल जाणार नाही यासाठी चालकाने उगाच रेस देऊ नये, आणि ओढणाऱ्या गाडीने झटका न देता रस्सा आधी ताणून घेऊन मग सावकाश सुटावे. ओढण्यासाठी रिकाम्या गाडीपेक्षा भरलेली गाडी बरी, कारण वजनामुळे तिची चाके रस्ता धरतात. म्हणूनच मदतीला थांबणारा चालक बहुधा स्वतःचा माल घेऊन निघालेला, स्वतःच्या वेळेला बांधलेला माणूस असे. रस्सा ताणला गेला की एक जण पुढे होऊन बघ्यांना दूर सारतो, कारण तुटलेल्या वायररोपचा फटका माणूस मारू शकतो. एवढ्याने भागले नाही तर माल उतरवावा लागे, आणि गुळाच्या तीस-तीस किलोंच्या ढेपा रात्री कंदिलाच्या उजेडात उतरवून रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर रचणे आणि पुन्हा भरणे यात चार-पाच गाड्यांवरचे चालक-क्लीनर एकत्र राबत.

बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेण्याला गाडीवाल्यांच्या बोलीत टोचन म्हणतात. सपाट रस्त्यावर टोचन साधे काम असले तरी घाटाच्या उतारावर नुसत्या रश्शाने ते करणे जिवावरचे, कारण हवेच्या ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद असले की टाकीतील हवा हळूहळू संपते आणि मागची गाडी पुढच्या गाडीवर जाते. त्यासाठी लोखंडी दांड्याचे टोचन वापरतात. गाडी जागची हलवता येत नसेल तर चालक गाडीजवळ थांबतो आणि क्लीनर तुटलेला पाटा किंवा एक्सल घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकमध्ये बसून कोल्हापूर गाठतो. याबद्दल भाडे मागण्याची पद्धत नव्हती. शिवाजी उद्यमनगर ही कोल्हापूरची यंत्रउद्योगाची वसाहत या दृष्टीने गाडीवाल्यांचा मोठा आधार ठरली. शेतीपंपांची तेल इंजिने घडवणाऱ्या या भागातील लेथ आणि भट्ट्यांवर जुन्या गाडीचा न मिळणारा भागही घडवून मिळत असे. क्लीनर परत येईपर्यंत चालकाची भाकरी पुढच्या गाड्यांवरच्या डब्यांतून किंवा जवळच्या वाडीतून येई. रस्त्यात गाडी उभी आहे हे कळावे म्हणून पन्नास-साठ पावले मागे झाडाची फांदी आणि दगडांची ओळ मांडायची, आणि समोरून येणाऱ्यांनी डिपर मारून, म्हणजे दिवे वरखाली करून, एकमेकांना पुढची अडचण सांगायची, ही खूण सगळ्यांना ठाऊक होती. मात्र गाडी निघाल्यावर ते दगड तसेच रस्त्यात टाकून जाण्याची वाईट सवयही याच रस्त्यांवर होती, आणि त्या दगडांनी मागाहून येणाऱ्या दुचाकीस्वारांचे जीव घेतले आहेत.

ट्रकचा हा संसार डांबरी रस्त्यावरचा. त्याच काळात ऊसपट्ट्यात मदतीचे दुसरे, अधिक चिखलाचे, रूप वाढत होते. सहकारी साखर कारखाने उभे राहिले तसा ऊस गुऱ्हाळाऐवजी कारखान्याकडे वळला आणि बैलगाडीच्या जागी दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला. हंगामाच्या सुरुवातीला, परतीचा पाऊस नुकताच ओसरलेला असताना, काळे रान वरून सुकलेले दिसते आणि आत लोण्यासारखे मऊ असते. अशा शेतात भरलेली ट्रॉली एकदा बसली की एका ट्रॅक्टरला ती निघत नाही. ताण वाढला की ट्रॅक्टरचे पुढचे चाकच जमीन सोडून वर उठते आणि चालकासकट ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो. म्हणून दुसरा ट्रॅक्टर पुढे साखळीने जोडतात, चाकांखाली उसाचे पाचट अंथरतात, ऊसतोड टोळीतील माणसे मागून रेटा देतात, आणि एक ट्रॉली बांधावरून रस्त्याला लावून दुसरीसाठी परत येतात. हा दुसरा ट्रॅक्टर अनेकदा दुसऱ्या कारखान्याच्या खेपेला निघालेला असतो. कारखान्याच्या गव्हाणीपुढच्या, म्हणजे ऊस टाकण्याच्या जागेपुढच्या, रांगेत आपला नंबर मागे जाणार हे ठाऊक असूनही तो शेतात शिरतो, कारण उद्या त्याचीही ट्रॉली अशाच रानात बसणार असते. याच हंगामात शेतकऱ्याकडून चालकाला एन्ट्री नावाची जादा रक्कम देण्याची प्रथा रूढ झाली आणि तिच्यावरून शेतकरी आणि वाहतूकदार यांच्यात कटुताही आली, हे नोंदवणे आवश्यक आहे. परंतु चालक-चालकांमधील ओढाओढीच्या मदतीला पैशाचे रूप फारसे आलेले नाही.

पुराने या रीतीची वेगळी परीक्षा घेतली. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, जिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा अनेक दिवस उभ्या राहिल्या. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांवर जाऊन महामार्ग पुन्हा बंद झाला, आणि त्याच पावसात आंबा घाटात दरडी कोसळून कोकणची वाटही तुटली. अडकलेल्या चालकांत तामिळनाडूपासून राजस्थानपर्यंतची माणसे होती. महामार्गालगतच्या गावांनी, तालमींनी आणि तरुण मंडळांनी, ज्यांच्या स्वतःच्या घरांतही कित्येकदा पाणी शिरलेले होते, या चालकांना जेवण पुरवले. इथे मदत करणारा गाडीवान नव्हता, गाव होते. घाटात मोडलेल्या गाडीच्या चालकाला भाकरी नेऊन देणाऱ्या वाडीचा हा मोठा विस्तार म्हणता येईल.

गेल्या पंचवीस वर्षांत रस्ता बदलला. खंबाटकीचा बोगदा २००० साली सुरू झाला, त्यानंतर सातारा ते कागल महामार्ग चौपदरी झाला, टोलनाक्यांबरोबर क्रेन आणि रुग्णवाहिका आल्या, आणि जिथे पूर्वी क्लीनर एक्सल खांद्यावर घेऊन निघे तिथे आज मोबाईलवरून मेस्त्री बोलावला जातो. अनेक गाड्यांवर आता क्लीनरच नसतो. ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या वाहनांच्या मार्गिकेत मदतीला थांबणे हाच अपघात ठरू शकतो, आणि कावळा नाक्यासारख्या जकातीच्या ठिकाणी तासन्‌तास थांबून जी ओळख आणि वाटेची खबर मिळे तीही जकात गेल्यावर संपली. पूर्वी अपघाताच्या जागी थांबणाऱ्याला पोलीस ठाण्याच्या खेपा आणि जमावाच्या माराची भीती असे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण दिले. हे संरक्षण फार उशिरा आले. उलटलेल्या ट्रकमधील माल पळवणारे जमाव आणि जखमी चालकाला आधी बाहेर काढणारे चालक हे दोन्ही त्याच रस्त्यावर असतात, आणि कायद्याने या चालकांच्या बाजूने उभे राहण्याची गरज कितीतरी आधीची होती.

घाटांत मात्र जुनी स्थिती बरीचशी कायम आहे. करूळ, भुईबावडा आणि फोंडा या घाटांत क्रेन पोहोचायला वेळ लागतो, अवजड ट्रेलर वळणावर अडकला की दोन्हीकडची वाहतूक थांबते, आणि क्रेन येण्याआधी रांगेतील चालकच खाली उतरून त्याला इंचाइंचाने मागेपुढे घ्यायला लावतात: एक जण पुढच्या चाकाकडे, एक दरीकडच्या कठड्यापाशी, एक मागच्या टोकाला. कोल्हापूर ते वैभववाडी रेल्वेमार्गाला मंजुरी मिळून काही वर्षे झाली असली तरी तो प्रत्यक्षात आलेला नाही, आणि तोपर्यंत घाटावरचा माल कोकणात याच वळणांवरून उतरतो.